मासा दिसतो, लागत नाही

फ्लॅशर हे पाण्याखाली काय आहे ते दिव्यांच्या खुणांनी सांगणारे यंत्र आहे. हातात उचलून नेता येईल अशी पेटी, तिच्या तोंडाशी गोल तबकडी, तबकडीच्या कडेने फुटांचे आकडे आणि पेटीतून निघालेल्या वायरीच्या टोकाला पाण्यात सोडायचा एक गोळा, एवढाच त्याचा संसार. या गोळ्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. गळ टाकून बसलेल्या माणसाला हे यंत्र तीन गोष्टी सांगते: पाणी किती खोल आहे, तळ कसा आहे आणि मध्ये कोणी आहे का. चौथी गोष्ट ते न विचारता सांगते. मासा आला होता, त्याने आमिष पाहिले आणि तो निघून गेला, ही ती गोष्ट. या माहितीचे वेगळे पैसे पडत नाहीत.

न दिसणारे सांगण्याची कला इंदापूर तालुक्याला नवी नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यांना आणि डाळिंबाच्या बागांना पाणी लागते, पाण्यासाठी बोअर घ्यावी लागते आणि बोअर घेण्याआधी पाणाडी बोलावण्याची रीत अजून मोडलेली नाही. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो; नारळ उभा राहिला की खाली पाणी. कोणी उंबराची दुबेळकी काटकी धरतो, कोणी तांब्याच्या तारा. बोअर कोरडी गेली तर दोष खडकाचा असतो, फार तर शेतमालकाच्या नशिबाचा, नारळाचा नसतो. फ्लॅशरचे शास्त्र पाणाड्यापेक्षा कितीतरी पक्के आहे. पाणाडी कधीकधी पाणी नसलेल्या जागी पाणी दाखवतो, फ्लॅशर सहसा मासा असलेल्या जागीच मासा दाखवतो. पुढे गिऱ्हाइकाच्या हाती जे लागते त्यात मात्र फारसा फरक नसतो.

यंत्राचे काम प्रतिध्वनीवर चालते. ट्रान्सड्यूसरमधल्या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि पाण्यात ध्वनीची एक लहर सोडतो. बहुतेक फ्लॅशरमध्ये ही लहर सेकंदाला सुमारे २ लाख कंपनांची असते. माणसाचा कान २० हजारांच्या वर ऐकत नाही. कटला-रोहूच्या कुळातले मासे तर काही हजारांवरच थांबतात. तेव्हा यंत्राच्या आवाजाने मासा बिचकला, ही होडीत नेहमी ऐकू येणारी सबब टिकत नाही. माशाला यंत्राचे काही नसते, त्याचा आक्षेप आमिषाला असतो. ही लहर तळावर किंवा माशावर आदळून परत येते आणि तोच स्फटिक ती ऐकतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. तळ २० फुटांवर असेल तर जाऊन-येऊन सेकंदाच्या हजारातले आठ भाग लागतात. पंचायत समितीत दिलेल्या अर्जाचे उत्तर येण्याच्या मानाने हा वेग बरा म्हटला पाहिजे.

परत आलेल्या प्रतिध्वनीचा वेळ तबकडीवर जागेत बदलतो. जुन्या यंत्रांत तबकडीमागे मोटरवर एक दिवा गरगर फिरत असे. लहर सुटताना तो घड्याळातल्या बाराच्या जागी एकदा लुकलुके आणि प्रतिध्वनी आला की जिथे पोचला असेल तिथे पुन्हा. फिरण्याचा वेग एवढा की डोळ्याला त्या स्थिर रेघा वाटाव्यात. नव्या यंत्रांत रंगीत एलईडी आले, पण रचना तीच राहिली. शून्य फूट म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, आणि तो कायम बाराच्या जागी. या यंत्राचे बारा पहिल्यापासूनच वाजलेले असतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

या तंत्राचा जन्म बर्फाच्या भीतीतून झाला. १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाली आणि समुद्रातला बर्फ आधीच कसा कळेल या विचाराने संशोधक कामाला लागले. १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडन यांनी पाण्यात सोडलेल्या आवाजाचा हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकून दाखवला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी स्फटिक वापरून पाणबुड्या शोधण्याची खटपट केली. १९४८ साली जपानमधल्या फुरुनो बंधूंनी मासे शोधण्याचे यंत्र बाजारात आणले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल लोरन्स व त्यांच्या मुलांनी छोट्या हिरव्या पेटीतला फ्लॅशर हौशी गळवाल्यांच्या हाती दिला. बर्फ टाळण्यासाठी निघालेली विद्या अखेर बर्फावर जाऊन बसली. आज फ्लॅशरचा सर्वांत निष्ठावान वापरणारा गोठलेल्या तळ्यावर, स्टुलावर बसलेला सापडतो.

तबकडी वाचणे अवघड नाही, पण आठ-दहा गोष्टी चुकीच्या समजून घेतल्याशिवाय ते येत नाही. रंग तीन: जोरदार प्रतिध्वनी लाल, मध्यम नारिंगी किंवा पिवळा, अशक्त हिरवा. नवशिका लाल म्हणजे मोठा मासा असे धरून चालतो. खरे म्हणजे लाल याचा अर्थ बरोबर खाली. ट्रान्सड्यूसरची लहर शंकूच्या आकारात पसरत जाते. शंकूच्या मधोमध आलेली बोटभर पोर लाल दिसू शकते आणि कडेने जाणारा पाच किलोचा कटला हिरवी रेघ होऊन निघून जातो. शंकू २० अंशांचा असेल तर ३० फूट खोलीवर जेमतेम साडेदहा फूट रुंदीचे वर्तुळ दिसते. ९ अंशांचा असेल तर पाच फूटही नाही. त्याबाहेरचे मासे यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतात. शंकूच्या कडेचा मासा ट्रान्सड्यूसरपासून तिरका, म्हणून लांब असतो आणि आहे त्यापेक्षा खोल दिसतो. उतारावर तर तळालगत असा एक पट्टा राहतो की तिथे बसलेला मासा तळाच्या रेघेतच मिसळून जातो. मासे हे सारे शिकून तिथे बसतात असे नव्हे, पण गळवाल्यांचे मत तसे आहे.

मासा दिसतो तो मुख्यत्वे त्याच्या पोटातल्या हवेमुळे. पाण्यात अधांतरी राहता यावे म्हणून बहुतेक माशांना हवेची पिशवी असते, आणि पाण्यातून जाणारा ध्वनी हवेवर आदळला की जोराने उलटतो. फ्लॅशरवर जे चमकते ते मांस कमी आणि वारा जास्त, हे कालवण करणारीने लक्षात ठेवायला हरकत नाही.

पेटीवर गेनची खुंटी असते. ती पिळली की यंत्र अधिक बारीक ऐकू लागते. गळाचे आमिष पुसट हिरव्या रेघेसारखे दिसेल इतपत ती पिळावी आणि सोडून द्यावी, असा नियम आहे. तो कोणी पाळत नाही. काही दिसेना की खुंटी पुढे जाते. मग शेवाळ, बुडबुडे, गढूळ पाण्यातले कण सगळेच उजळतात, तबकडी लालेलाल होते आणि होडीत आनंदाचे वातावरण पसरते.

खरा प्रसंग असा दिसतो. कालठणच्या बाजूला उजनी धरणाचे पाणी, मार्चमधली सकाळ, वारा पडलेला, यंत्र ६० फुटांच्या मापावर. बाराच्या जागी पृष्ठभागाचा धुरकट पट्टा. २० फुटांवर, म्हणजे घड्याळात चार वाजतात तिथे, तळाची जाड लाल रेघ; बरोबर दुप्पट अंतरावर, आठच्या जागी, तिचीच फिकट नक्कल. तळावरून आलेली लहर पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन येते, त्याची ही खूण; ती दिसली म्हणजे तळ कठीण. १७ फुटांवर गांडूळ लावलेला गळ, केसाएवढी हिरवी रेघ. मग १९ फुटांवर तळापासून एक हिरवा ठिपका सुटतो. तो नारिंगी होतो. १८ फूट. गळ दोन बोटे हलवला की आमिषाची रेघ थरथरते आणि ठिपका आणखी वर सरकतो. दोन्हींमध्ये काळी फट उरते, फट मिटते, १७ फुटांवर एकच लाल पट्टा पेटतो. होडीत कोणी बोलत नाही. विडी बोटांत जळत राहते. चार सेकंदांनी पट्टा दुभंगतो. एक रेघ जागेवर राहते, दुसरी सावकाश खाली जाते, कसलीही घाई न करता, आणि तळात विरते. माशाने विचार केला, त्याला पटले नाही. त्यानंतर गांडूळ शिळे होते इथपासून मागच्या माणसाची सावली पडली इथपर्यंत कारणमीमांसा चालते. फ्लॅशर नसता तर याच वेळेत फक्त “आज पाण्यात मासाच नाही” एवढे बोलून सगळे शांतपणे डबा खाऊ शकले असते.

फ्लॅशरचा भाऊबंद म्हणजे पडद्यावर आलेख सरकवणारा फिश फाइंडर. तो झालेले जपून ठेवतो; पाच मिनिटांपूर्वी काय गेले तेही दाखवतो. फ्लॅशरला भूतकाळ नाही. त्याच्याकडे फक्त आत्ता, या क्षणी. यामुळे त्याची प्रतिक्रिया झटपट असते आणि आमिष हलवताना मासा काय करतो ते त्याच वेळी कळते, म्हणून गळवाले त्याला मानतात. दुसरा फायदा कमी सांगितला जातो. पुरावा राहत नसल्यामुळे संध्याकाळी पारावर माशाचे वजन सांगण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते.

बर्फावरची मासेमारी हा फ्लॅशरचा मुख्य प्रांत, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटाकडे पाहावे लागते. तिथे १० एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत आणि हिवाळ्यात ती गोठतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वर येते आणि गोठते, तळाशी चार अंशांचे पाणी आणि त्यात मासे तसेच राहतात. माणसे वरून ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, आठ-दहा इंच रुंदीचे भोक पाडतात, त्यात ट्रान्सड्यूसर आणि गळ सोडतात आणि भोकाकडे पाहत बसतात. पायी चालायला स्वच्छ, टणक बर्फ किमान ४ इंच जाड हवा, असे तिथले सरकारी खाते सांगते. जाडी वाढली की मोटारी तळ्यावर उतरतात. मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर हिवाळ्यात खोपट्यांच्या वस्त्याच उभ्या राहतात, आत शेगडीसुद्धा असते. बर्फ निर्मळ असेल तर भोक न पाडताही त्यावर पाणी ओतून ट्रान्सड्यूसर टेकवला की खोली कळते. मध्ये हवेचे बुडबुडे असतील तर काहीच कळत नाही. शेजारीशेजारी बसलेल्यांची यंत्रे एकमेकांच्या लहरी ऐकू लागली तर तबकडीवर रेघा भटकू लागतात. त्यासाठी एक बटण दिलेले असते. शेजाऱ्याचा उपद्रव बटणाने थांबतो हे पाहून बांधावरून भांडणारा कोणीही शेतकरी हळहळेल.

मिनेसोटात मराठी कुटुंबे आहेत, त्यांचे मंडळही आहे. गावाकडचे आई-वडील मात्र तिथे सहसा उन्हाळ्यात जातात आणि त्यांना फ्लॅशर गॅरेजच्या फळीवर धूळ खात असलेला दिसतो. गोठलेल्या तळ्यावर मोटार नेण्याच्या गोष्टी ऐकून ते काही बोलत नाहीत, फक्त परतीचे तिकीट कधीचे आहे ते विचारतात. निमगाव केतकीत बर्फाचा आणि माशाचा संबंध उलट्या क्रमाने येतो: आधी मासा पकडला जातो, मग त्याच्यावर बर्फ टाकतात. उरलेली लादी रसवंतीवर जाते.

निमगावकडून इंदापूर ओलांडले की उजनीचा फुगवटा लागतो. इथे फ्लॅशर चालवायचा तर आधी धरणाचे गणित समजून घ्यावे. भीमेवरचे हे धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, ते १९८० साली पूर्ण झाले आणि जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यात उपयुक्त ५३.५७ आणि मृतसाठा ६३.६६. मृत जास्त, उपयुक्त कमी, अशी ही मांडणी आहे. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून पाणी शून्य टक्क्यांवर आल्यानंतरही धरणात समुद्रासारखे पाणी असते आणि पुढे ते उणे दहा, उणे वीस असे उतरते. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या घरात गेले, तरी आत तीसहून अधिक टीएमसी पाणी शिल्लक होते. पावसाळा चांगला झाला तर हेच धरण शंभराच्या वर एकशे दहापर्यंत जाते. फ्लॅशरच्या तबकडीवर उणे आकडे नसतात, त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या यंत्राला उजनी पुरती कळत नाही. मृतसाठ्यातले मासे मात्र जिवंत असतात, एवढे त्याला कळते.

खोलीही ऋतूप्रमाणे बदलते. ऑक्टोबरात जिथे ३० फूट पाणी लागले तिथे मे महिन्यात गाळपेरीचे पीक उभे असू शकते. तिथे यंत्रापेक्षा खुरपे कामाचे. भिगवण-कुंभारगावच्या उथळ भागात रोहित पक्षी उभे असतील तर ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडूच नये. पाणी गुडघाभर आहे हे पक्ष्याने आधीच फुकट सांगितलेले असते. खोल भागात तळाची गंमत वेगळी. पाण्याखाली गावे गेली, वाडे, विहिरी, बांध, बाभळींची खोडे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते आणि लोक बघायला जातात. भरल्या धरणात ते खालीच असते. अशा ठिकाणी तळाची रेघ शांतपणे चाललेली असताना एकाएकी मध्येच भलेमोठे लाल काहीतरी उठते. एवढा मोठा मासा आणि जागचा हलत नाही, म्हणजे तो कळस असण्याची शक्यता जास्त. जाळेवाल्यांना या माहितीचा खरा उपयोग आहे. बाभळीच्या खोडात अडकून फाटलेले जाळे हातभर माशांपेक्षा महाग पडते. धरणांतला गाळ मोजणारे अभियंतेही होडीतून याच तत्त्वावरचे यंत्र फिरवतात, फक्त त्यांना तळ हवा असतो आणि मासा नको असतो.

जात ओळखणे यंत्राला जमत नाही, अंदाज मात्र बांधता येतो. मत्स्यशेतीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळे ज्या उंचीवर रेघ दिसते त्यावरून नाव ठेवता येते. चिलापीने हे पुस्तक वाचलेले नाही. उजनीत ती मुबलक, आणि ती कुठेही असते. मरळ काठच्या उथळ गवतात राहते, वर येऊन हवा घेते आणि यंत्राच्या भानगडीत पडत नाही.

होडीवर बसवताना ट्रान्सड्यूसर मागच्या फळीला, पाण्यात बुडून आणि तळाशी काटकोनात राहील असा लावतात. इंजिनाचे बुडबुडे त्याच्यासमोर आले की दिसणे बंद. उजनीत मात्र पुष्कळ जण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे सोडतात. ट्यूबला मागची फळी नसते. तिथे ट्रान्सड्यूसर हातात धरावा लागतो आणि मग गळ धरायला दात उरतात. विजेचा प्रश्न सोपा आहे. १२ व्होल्टची, सात-आठ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी या यंत्राला चालते, आणि त्याच जातीची बॅटरी पाठीवरच्या फवारणी पंपात असते. डाळिंबावर तेल्या रोग आलेला असताना पंपाची बॅटरी मासे बघायला नेल्यास घरी जे घडेल त्यावर यंत्रासोबतच्या पुस्तिकेत काही सापडत नाही.

वापराला ऋतूंची बंधने आहेत. तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला असते तेव्हा मासा हा विषय गावात काढू नये. श्रावणात मात्र फ्लॅशर वापरायला धर्मशास्त्राची हरकत दिसत नाही, कारण त्यात मासा फक्त दिसतो.

समुद्रावर मासा शोधण्याचा प्रश्न केव्हाच सुटला. कोकणातल्या मोठ्या यांत्रिक नौकांवर आलेखाचे फिश फाइंडर नेहमीचे झाले आहेत, आणि मासा कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या आधारे मराठीतूनही देते. धरणावरच्या भोयांना उपग्रह लागत नाही. पाण्यावरचा बुडबुडा, पाणकोंबड्यांची दिशा, वाऱ्याने काठाला लागलेली घाण आणि कालचा अनुभव यावर ते जाळे टाकतात, आणि पहाटे भिगवणच्या बाजारात लिलावाला पाट्या येतात त्या याच ज्ञानावर.

तेव्हा निमगाव केतकीहून रविवारी गळ घेऊन निघणाऱ्याने फ्लॅशर घ्यावा का? परदेशात त्याची किंमत तीन-चारशे डॉलरपासून पुढे आहे. नुसती खोली हवी असेल तर दोरीला शिशाचा तुकडा बांधून फुटाफुटावर गाठी माराव्यात. बॅटरी लागत नाही. मासाच हवा असेल तर भिगवणला जावे. नकार किती फुटांवरून आला हे अचूक समजून घ्यायची हौस असेल, तर फ्लॅशरला पर्याय नाही. मात्र खरेदीच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर लिहावा. मे २०२४मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. खाली पाणी किती आहे हे कळून बुडणारा तरत नाही. पहिल्या क्रमांकावर माणशी एक लाइफ जॅकेट लिहावे, आणि ते होडीत बसण्याआधी अंगात घालावे.